सुटं ‘ले’

बालाघाट
९ जानेवारी २०२५

प्रिय भोज्या,

एकाहत्तराव्या वर्षी माणसाला नवी नोकरी लागल्याचं कधी ऐकलंस? तू कसं ऐकणार म्हणा, खाणीतल्या ड्रिलने तुझे कान नेले त्याला वीस वर्षं होत आली. तर वाच. मी कालपासून कोतवाल आहे. रत्नघाटचा.

परवा शेजारच्या बाईंनी आशालताला विचारलं, तुमचे हे दिवसभर मोबाईलमध्ये काय करतात? माझ्या बायकोने जे उत्तर दिलं त्यापेक्षा चांगलं मला दोन वर्षांत सुचलेलं नाही. म्हणाली, ‘‘ह्यांचं मोबाईलमध्ये एक गाव आहे. खरं नाही. तीनशे माणसं आहेत, कोणी राणी होतं, कोणी सोनार, कोणी चोर. ज्याने त्याने आपापल्या सोंगाच्या तोंडून लिहायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर लिहायचं. ह्या खेळात जिंकत कोणी नाही, म्हणून तर ह्यांना जमतो.’’

हसलास ना? मीही हसलो. पण दिवाळीपासून ह्या गावाची जी दशा झाली आहे ती तूही बघतोसच. राणीसाहेबांचा दरबार भरलेला असतो, सेनापती मुलाच्या आठवणीने रडत असतो, आणि मध्येच कोणीतरी ओरडतं, ‘गंजेपन से परेशान? ये तेल ले, आज ही ले!’ सोनाराच्या दुकानात वशीकरणवाले बाबा बसले आहेत. वैदिणीच्या झोपडीत वजन कमी करायचं चूर्ण. माणसाने लिहिलेलं बिचारं खाली खाली जात दिसेनासं होतं. महिन्याभरात साठ जण गाव सोडून गेले.

प्राचीचा नागपूरहून फोन आला. माझी भाची असली तरी गावाची मालकीण तीच, तिनेच ते उभं केलं. म्हणाली, ‘‘मामा, तुम्ही दिवसभर असताच तिथे. तुम्ही सांभाळा.’’

‘‘मला त्यातलं यंत्र काय कळतं?’’

‘‘यंत्र कळायला नको. एक गाळणी आहे. तीत तुम्ही शब्द टाकायचे. तो शब्द ज्याच्या मजकुरात सुटा सापडेल त्याचा मजकूर अडतो आणि एका पेटीत पडतो. गावात कोणालाच दिसत नाही.’’

‘‘आणि लिहिणाऱ्याला?’’

‘‘त्याला दिसतो. त्याला वाटतं, गेला. अडला असं कळलं की हे जाहिरातवाले शब्द बदलून परत येतात ना.’’

काल दिवसभर बसून मी यादी केली. त्रेचाळीस शब्द झाले. कोणते ते तुला सांगणार नाही, कोतवालाची गुपितं आहेत. यादी करताना कटंगीच्या शाळेतले आपले देव्हारे गुरुजी सारखे डोळ्यांपुढे येत होते. सगळा वर्ग एका सुरात नदीची कविता म्हणतो आहे, खिडकीतून धानाच्या बांध्या दिसताहेत, आणि एखाद्याचा सूर घसरला की गुरुजी छडी उचलत नसत, नुसती भुवई उचलत. आता ती भुवई माझी आहे, भोज्या. केवढं सुख!

आणि हो, गावात होडीवाला फकिरा होऊन बोलतोस तेव्हा तू अजून ‘ला’च्या जागचं ‘ले’ सुटं लिहितोस. ‘फकिरा ले’, ‘घाट ले’. प्रत्यय शब्दाला चिकटून असतो रे. मी चाळीस वर्षं हिंदी शिकवून मराठी शाबूत ठेवली आणि तू मराठी शाळेत शिकून हिंदीतल्या ‘को’सारखा तोडून लिहितोस.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलच्या आखूड संदेशात मला तू सापडत नाहीस, म्हणून आपलं पोस्टच बरं. उत्तर लवकर टाक. का कोण जाणे, नवं काम मिळाल्यापासून एका जागी बसवत नाही.

तुझा,
गुणाकर


उकवा
१७ जानेवारी

मास्तर,

कोतवाल झालास, बरं झालं. आता टोपी घेऊन घे एक. आशालतावहिनी ले सांग, त्यायचं उत्तर मी शेजारच्या डोमाजी ले वाचून दाखवलं, तो अर्धा तास हासून राह्यला होता.

सुटं लिहिलं तं काय बिघडते बे? ‘ले’ ले बी थोडी हवा लागू दे. साठ वर्षं तू मले हेच सांगून राह्यला आन् साठ वर्षं मी तसंच लिहून राह्यलो. दोघंही थकलो नाही हे विशेष.

इकडं थंडी लय आहे. परवा एक भानगड झाली. मी बैहर रोडनं दूध घेऊन येऊन राह्यलो होतो, मांगून ट्रक आला. भोंगा वाजवत असन, मले कुठचं ऐकू येते! डोमाजीनं शेजारधर्म पाळला, कॉलर धरून ओढलं. शर्ट फाटला, मी वाचलो. पण त्या चुगलखोरानं सूरतले मोहित ले फोन करून सगळं सांगतलं. माझ्या मोबाईलवर मी उत्तर देत नाही, म्हणून आता पोरगा रोज डोमाजीच्या मोबाईलवर लिहून पाठवते, बाबा असं करा, बाबा तसं करा. मी पाहून ठेवून देतो.

ते जाऊ दे. फकिरा ले एक अडचण आली आहे. आठ दिवसांपासून घाटावर लिहून राह्यलो. तुझ्या कोतवालीत येळ भेटला तं तिकडं येजो आन् वाचजो. मले तुझ्या राजकवीचं उत्तर पाहिजे. बाकी लोकांचं बी पाहिजे, पण तुझं पह्यले.

तुले माहीत आहे, रत्नघाटात फकिराचे कान लय तेज आहेत. पाण्यात मासा वळला तरी त्याले समजते. म्हणून मले तिथं बरं वाटते. इथं मी बोलतो तं लोक हातानं इशारे करतात, जसं काही मी बैल आहो. तिथं कोणाले ठाऊकच नाही.

गोदा असती तं तिले विचारलं असतं. चार वर्षं झाली आता.

वाचजो पण.

भोजराज


बालाघाट
२८ जानेवारी

प्रिय भोज्या,

ट्रकचं वाचून घाबरलो. रस्त्याच्या उजव्या कडेने चालत जा, म्हणजे गाडी समोरून येताना दिसेल. मोहितचं म्हणणं मनावर घेऊ नकोस, मुलं लांब असली की जास्त घाबरतात.

आता माझा पराक्रम ऐक. तीन आठवड्यांत एक तेलवाला दरबारात शिरलेला नाही! गाळणी म्हणजे काय वस्तू आहे रे. वीस तारखेला मी पहिल्यांदा पेटी उघडली तर आत चारशे बारा अडलेले मजकूर. प्राचीने बजावलं होतं, रिकामी करण्याआधी नजर टाकत जा. टाकली. पहिले वीस पाहिले, सगळे तेलाचे आणि बाबांचे. मग एक बोट दाबलं, पेटी स्वच्छ. काय वाटलं सांगू? शाळा सुटल्यावर ओल्या फडक्याने फळा पुसायचो तसं. आता दर सोमवारी पुसतो.

तू म्हणालास तसा घाटावर गेलो होतो. तुझं वाचलं. सुंदर. फकिराचा विचार अगदी योग्य आहे, त्याने आता मन घट्ट करून पुढचं पाऊल टाकावं. काठाला बांधलेली होडी ही होडी कसली! तुझ्यासाठी चार ओळीही जमल्या आहेत:

दोर कशाला, होडीवाल्या,
दोर कशाला पाण्यावर?
ज्याने पाणी ओळखले तो
रमतो का रे काठावर?

तिसरी ओळ अजून नीट बसलेली नाही. पण आपल्या वर्गात म्हणता आली असती, नाही का?

बाकी गाव छान चाललं आहे. फक्त जरा शांत वाटतं. जाहिराती गेल्यावर माणसं परत येतील असं वाटलं होतं, तर होती त्यातलीही काही दिसत नाहीत. कटंगीची ती मंजुषा, जी वैदीण होते आणि सगळ्यांना कडू काढे पाजते, ती पंधरा दिवसांत एकदाही आली नाही. लग्नसराई असेल. तरी मी दिवसातून दहा वेळा मोबाईल उघडतो, दरबाराच्या आसपासच्या गल्ल्या फिरून येतो, बंद करतो, पुन्हा उघडतो. आशालता म्हणते, चोर नाही तर कोतवालाने करायचं तरी काय?

तुझा,
गुणाकर


उकवा
६ फेब्रुवारी

मास्तर,

पत्र भेटलं. ठीक आहे.

मी घाटावर अकरा डाव लिहिलं. कोणी काही बोललं नाही. वाटलं, लोकांले माझं लिहिणं समजत नसन. मंग वाटलं, समजून बी बोलत नसन, म्हाताऱ्या ले काय सांगायचं म्हणून. तुझं पत्र आलं तं बरं वाटलं, कमीत कमी तू वाचलं. तू म्हणतोस योग्य आहे, तं योग्य असन. कविता बी बराबर आहे. दोर कशाले.

मोहित ले डोमाजीकडून हौ सांगून देल्लं. तेवीस तारखेले रविवारी तो मले न्यायले येऊन राह्यला. आता सूरतलेच राहायचं, त्याच्याजवळ. सहाव्या माळ्यावर घर आहे म्हणे, रस्ताच नाही तं ट्रक कुठून येईन. चाबी डोमाजीजवळ राहीन. भांडे त्याच्या सुनेले देऊन टाकले. गोदाचं जातं कोणी घेत नाही, ते तसंच पडलं आहे.

मोबाईल बंद करून डब्यात ठेवला. फकिरा ले काम उरलं नाही.

पोहोचलो की पत्ता कळवीन. आशालतावहिनी ले नमस्कार.

भोजराज


बालाघाट
१३ फेब्रुवारी, सकाळी

भोजराज,

तुझं पत्र परवा मिळालं. तेव्हापासून मी घरात किती येरझारा घातल्या ते आशालतालाच विचार. हे पत्र पोस्टात टाकत नाही, पोस्टावर आता विश्वास ठेवण्याइतके दिवस उरलेले नाहीत. मोबाईलवर तुला सतरा संदेश पाठवले, पण तो डब्यात आहे. डोमाजीचा नंबर माझ्याकडे नाही. वीस वर्षांत तुझ्या शेजाऱ्याचा नंबर घेऊन ठेवावा एवढंही मला सुचलं नाही.

पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला काहीच समजलं नाही. सूरत कुठून आली? मी कशाला योग्य म्हटलं? मी घाटावर गेलो. तिथे तुझा शेवटचा मजकूर सात जानेवारीचा होता, होडीला डांबर लावल्याचा. त्यापुढे काही नाही. मी प्राचीला फोन लावला.

ती म्हणाली, ‘‘मामा, मीच तुम्हाला करणार होते. कटंगीच्या मंजुषाताईंचा फोन आला होता. कुठून कुठून नंबर शोधून काढला त्यांनी. विचारत होत्या, मी काही वावगं बोलली काय, सगळ्या गावानं मले वाळीत काहून टाकलं?’’

‘‘मग?’’

‘‘मग मी पेटी बघितली. मामा, यादी काढा. सतरावा शब्द वाचा.’’

मी यादी काढली. ‘‘ले,’’ मी म्हटलं.

‘‘हा कशाला टाकला?’’

‘‘अगं, प्रत्येक जाहिरातीत असतो. ये ले, वो ले, आज ही ले.’’

‘‘आणि जाहिरातवाल्यांशिवाय सुटं ‘ले’ कोण लिहितं?’’

मी समोरच्या तुझ्या पत्रातल्या ‘मोहित ले’वर बोट ठेवलं.

‘‘सात जण आहेत, मामा. कटंगी, वाराशिवनी, तुमसर, उकवा. सगळे आपल्या बाजूचे. महिनाभर बिचारे लिहिताहेत, त्यांना आपलं लिहिलेलं दिसतंय, आणि गावात एकालाही दिसत नाही. पुण्याचे सगळे सुखरूप आहेत. पेटी रिकामी करण्याआधी वाचत नव्हता का तुम्ही?’’

‘‘वीस वाचले होते,’’ मी म्हटलं. हे वाक्य बोलताना माझाच आवाज मला एखाद्या नापास पोरासारखा वाटला.

पेटीतून काढलेलं वीस दिवस कुठेतरी राहतं, मग कायमचं जातं. तुझे अकरा होते. पहिले तीन मी वीस जानेवारीला पुसले होते. तेवीस दिवस झाले होते, तीन दिवसांनी हुकले. उरलेले आठ प्राचीने शोधून पाठवले. मी काल ते वाचले, एकामागून एक, आणि वाचून झाल्यावर पुन्हा.

चौथ्यात फकिरा म्हणतो, ‘लोकहो, पुन्हा विचारतो. पलीकडच्या काठावरून पोरगा फकिरा ले बोलावून राह्यला. म्हणते, होडी सोडा, माझ्याजवळ राहा. मले हा घाट सोडवत नाही आन् एकट्यानं राहवत बी नाही. कविराज म्हणतील तसं करीन.’

सातव्यात, ‘आज बी कोणी फिरकलं नाही. घाट ले काय झालं कोण जाणे.’

नवव्यात, ‘फकिरा ले सांगा, मी बोललेलं तुमाले ऐकू येते ना?’

अकराव्यात फक्त, ‘ठीक. घाट ले रामराम.’

भोज्या, ह्या महिन्यात मी दोन गोष्टी केल्या. गाळणीत तो शब्द टाकला ही एक. तो टाकताना मला शंकाही आली नाही, ह्याचीच आता लाज वाटते. तुझ्या तोंडचं ‘ले’ मला साठ वर्षं चूक म्हणूनच माहीत आहे, बोलणं म्हणून नाही. कोतवाल झाल्याचं कळवलं त्याच पत्रात तुला सुटं ‘ले’ लिहितोस म्हणून चिडवलं, आणि त्याच्या आदल्या दिवशीच त्याला अडवून बसलो होतो. दोन्हींची गाठ माझ्या डोक्यात पडलीच नाही.

पण ती निदान चूक होती. दुसरी तशी नाही. मी अठ्ठावीस तारखेच्या पत्रात ‘तुझं वाचलं’ असं लिहिलं. मी वाचलं नव्हतं. घाटावर गेलोही नव्हतो. कोतवालीच्या नादात राहून गेलं होतं, आणि तू दोनदा ‘वाचजो’ लिहिलं होतंस, तेव्हा नाही म्हणायची लाज वाटली. वाटलं, खेळातलीच काहीतरी अडचण असेल, कोणाही होडीवाल्याला लागू पडेल असं चार शब्दांत काही लिहून द्यावं. वर कविता. तुझं लिहिणं गाळणीने अडवलं. ‘वाचलं’ हे मात्र मी माझ्या हाताने, शाईने लिहिलं.

आणि त्या शब्दावर तू भांडी वाटून टाकलीस.

मी तुला जा म्हटलेलं नाही. राहा असंही म्हणत नाही, ते म्हणायचा हक्क आता मला उरलेला नाही. फक्त माझ्या सांगण्यावरून जाऊ नकोस. मी काही सांगितलेलंच नव्हतं.

गुणाकर

स्टँडवर, साडेदहा वाजता.

पत्र घेऊन मी स्वतःच येणार होतो. पिशवीत टॉवेल आणि गोळ्यासुद्धा घेतल्या आहेत. बैहरची गाडी समोर उभी आहे. तिचा कंडक्टर प्रेमलाल माझा विद्यार्थी. तो दोनदा येऊन म्हणाला, ‘‘गुरुजी, चढना है के नहीं? छूट रही गाडी.’’ मी बाकावरच बसून आहे. तू समोर बसून हे वाचशील, आणि तुला ऐकू येत नाही म्हणजे मला मध्ये एक शब्द बोलून सुटताही येणार नाही, नुसतं तुझ्या तोंडाकडे बघत बसावं लागेल. ते मला झेपायचं नाही. पत्र प्रेमलालकडे देतो आहे. घरी जातो.


उकवा
१६ फेब्रुवारी

कोतवाल,

तुझं पत्र प्रेमलालनं देल्लं. मी भाजी चिरून राह्यलो होतो. वाचलं आन् चाकू ठेवून देल्ला, तूच समज काहून ते.

शिव्या लिहायच्या होत्या, दोन पानं लिहिल्या बी. डोमाजी म्हणे, फाडा, प्रेमलाल शाळेत शिकलेला आहे, रस्त्यात वाचून घेईन. फाडल्या. पण त्या होत्या एवढं ध्यानात ठेव.

मोबाईल डब्यातून काढला. चार्ज केला. प्राची पोरगी हुशार आहे, तिनं माझे आठही घाटावर टाकून देल्ले होते, वर लिहिलं होतं, गावाची चूक झाली, फकिरानं हे महिन्याभरापासून विचारलं आहे. बापा! काय गलका उडाला आहे तिथं. चोर म्हणे, फकिरा, तू जाय, होडी मले दे. राणी म्हणे, चोर ले होडी देल्ली तं मी घाटच बंद करीन. मंजुषा वैदीण म्हणे, पोराजवळ जा पण दोन महिन्यांनी वापस या, मी काढा देतो. सेनापती म्हणे, मी बी पोराजवळ गेलतो, तिथं माह्या खाटेवर पाहुणे बसत. त्याच्यावर पुण्याची एक बाई त्याले भांडून राह्यली, म्हणे सगळेच पोरं तसे नसतात. सहासष्ट उत्तरं आहेत. अर्धे म्हणतात जा, अर्धे म्हणतात राहा, आन् सगळे एकमेकांवर ओरडून राह्यले. मी सकाळपासून तेच वाचत बसलो. चहा दोन डाव थंड झाला. वीस वर्षांत एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

पह्यले तीन गेले ते गेले. त्यातल्या दुसऱ्यात गोदाचं होतं. ती दवाखान्यात शेवटी मले काय म्हणली ते. हे मी कोणाले सांगतलं नाही, मोहित ले बी नाही. तिथं फकिराच्या बायकोचं म्हणून लिहिलं होतं, एका दमात लिहून गेलो. परत लिहायले बसलो, पण तसं येत नाही. पुसलं तू आहे. तुले माहीत असावं म्हणून सांगतो.

आता मुद्द्याचं. माझी बी एक चूक आहे. हे पत्रातच सरळ विचाराले पाहिजे होतं, का गुणाकर, मी पोराजवळ जाऊ का नाही. ट्रकचं लिहिलं, मोहितचं लिहिलं आन् विचारायच्या जागी फकिरा ले पुढं केलं. तुले विचारायची भीती वाटली, तू हासशीन म्हणून. शाळेत बी हासत होता.

तू लिहिलं, सांगायचा हक्क उरला नाही. हक्क फिक्क फालतू आहे. सहासष्ट लोकायनं सांगतलं, त्यायनं माझं घर पाह्यलं नाही, पोरगा पाह्यला नाही. तू दोन्ही पाह्यलं आहे, नऊ वर्षांपूर्वी का होईना. मी पह्यल्या दिवसापासून तुलेच विचारून राह्यलो. अजून तुझं उत्तर आलं नाही.

मोहित रविवारी येऊन राह्यला. तिकिटं दोन काढले आहेत. एक रद्द होऊ शकते, त्याले डोमाजीनं विचारलं, तो म्हणे शनिवारपर्यंत सांगा, पण बाबा ले खरंच काय पाहिजे ते सांगा. पोरगा वाईट नाही.

तं सांग. जाऊ का राहू. कविता नको.

भोजराज


बालाघाट
१८ फेब्रुवारी, मंगळवार

भोज्या,

काल सकाळी तुझं पत्र मिळालं. तेव्हापासून मी तुला दोन उत्तरं लिहिली.

पहिल्यात लिहिलं, राहा. सकाळी ते पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की त्यात सगळीकडे मीच होतो. तू गेलास तर मला पत्र कोण लिहील, कटंगीच्या वर्गातलं दुसरं कोण उरलं आहे, असं. ते फाडलं. दुसऱ्यात लिहिलं, जा. त्यात ट्रक होता, तुझं वय होतं, मोहितचा चांगुलपणा होता. वाचायला अगदी शहाणं वाटत होतं. मग लक्षात आलं, उकव्याहून सूरतेला जा असं मी बालाघाटात खुर्चीवर बसून सांगतो आहे. तू कुठल्या बाजूने दूध आणायला जातोस, दिवसभरात कोणाशी बोलतोस, डोमाजी किती वेळा डोकावतो, रात्री दिवा कोण बंद करतं, ह्यातलं मला काही ठाऊक नाही. तेही फाडलं.

न पाहता सांगायचं नाही. गुरुवारच्या गाडीने येतो आहे. प्रेमलालला आजच सांगून ठेवलं आहे, मी चढलो नाही तर हाताला धरून चढव. ‘‘गुरुजी, आप बस बैठ जाना, बाकी मैं देख लूँगा,’’ असं म्हणाला. त्याच्याचकडे हे पत्र देतो आहे, तुला उद्या मिळेल.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार तुझ्या मागे मागे फिरणार आहे. बैहर रोडवर तुझ्यासोबत चालून बघणार आहे. तू मला चहा करून देशील तेव्हा चुलीपाशी तुझा हात थरथरतो का ते बघणार आहे. डोमाजीशी बोलेन, तू नसताना. शनिवारी दुपारी कागदावर एकच शब्द लिहून तुझ्या हातात देईन. मला न आवडणारा असला तरी तोच देईन. मग तू ठरव. मोहित आला की त्यालाही मी सांगेन, तुझ्या बाजूने, तुझं जे ठरेल ते.

गोदावहिनीचं जे गेलं त्याबद्दल मी काही लिहीत नाही. येऊन बसेन. सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर नको. मी तुला हसायचो हेही खरं आहे.

कोतवाली सोडली. प्राचीने मंजुषाला दिली आहे, आणि आता कोणाचं काही अडलं तर त्याला लगेच तसं कळतं. मंजुषा पेटीतला प्रत्येक मजकूर वाचते, तेलवाल्याचासुद्धा, आणि मगच पुसते. रोज चार-दोन बाबा गावात शिरतात. शिरू देत.

मी साडेबारापर्यंत पोहोचेन. दार वाजवून तुला ऐकू येणार नाही, म्हणून आधीच लिहून ठेवतो. गुरुवारी बारा वाजल्यापासून दार उघडं ठेव.

गुणाकर